आरतीला जमता, तिथेच शिकवा



शहाद्याहून धडगावकडे निघालं की वाटेत म्हसावद लागतं. इथल्या बाजारात भिलोरी, पावरी, अहिराणी, गुजरी, मराठी सगळं कानावर पडतं आणि मिरचीचा व्यवहार कुठेच अडत नाही. अडतं ते पहिलीच्या वर्गात. पोराला मराठी पुस्तक कळत नाही आणि गुरुजींना पोराची बोली कळत नाही.

२०११च्या जनगणनेत भिलोरी, पावरी अशा भिली गटातल्या बोली मातृभाषा म्हणून नोंदवणारे देशात एक कोटीहून अधिक निघाले. तरी भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. संताळी आणि बोडो २००३च्या घटनादुरुस्तीने तिथे पोचल्या. भिलीलाही तिथे जागा मिळावी, ही मागणी लावून धरावीच. पण दिल्लीपेक्षा मोरवड आपल्याला जवळ आहे.

तळोदा तालुक्यातल्या या मोरवडला आदिवासी संत गुला महाराजांच्या आरतीला दर सोमवारी डोंगरातून माणसं पायी येत. दारू सोडा, स्वच्छ राहा, लहान पोरालाही 'आप' म्हणा, ही तिथली शिकवण. १९३८ साली महाराज गेले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, तेव्हा त्या गर्दीची इंग्रज सरकारला धास्ती वाटू लागली. पुढे शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतीही भजनाच्या वाटेनेच लोकांपर्यंत पोचले. ना इमारत, ना हजेरीपट. शिकवणं मात्र झालं. ख्रिस्ती मंडळींनीही मावची या भिली गटातल्याच बोलीत बायबलचा नवा करार छापला. हेतू धर्माचा होता, हे उघड आहे. पण त्यामुळे बोली कागदावर आली, हेही मान्य करायला हवं.

नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला धरणविरोधी आंदोलनातून जीवनशाळा निघाल्या. तिथे पावरी-भिलोरीतून धडे दिले गेले. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा भिली कवितासंग्रह १९८७चा. म्हणजे ही बोली लिहिता येते का, हा प्रश्न आता कुणी विचारू नये. देवनागरी तिला पुरते.

उणीव वाटते ती शिकवण्याच्या जागेची, पण ती जागा तर गावागावात आहे. आरती असो, भजन असो, रविवारची प्रार्थना असो, माणसं जमतातच. ती उठण्याआधी अर्धा तास पोरांना द्या. आजीने गोष्ट सांगावी, कॉलेजात जाणाऱ्या नातवाने ती वहीत उतरवावी, धाकट्यांनी मोठ्याने वाचावी. देव कुणाचा, यावरून वही वेगळी करू नका. आणि गुरुजी, तुम्हीही येऊन बसा. ती वही सोमवारी वर्गात लागेल.