वहीवरचा शेरा आणि बोलता शेरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने कॉलेजच्या अभ्यासावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आपल्या बेलपाड्याच्या लेकीसुना आज कॉलेजचा अभ्यास करतात, तेव्हा हा विषय आपल्याच घरचा आहे.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि संसार सांभाळून शिकण्याची वाट रुंद झाली. पुस्तके घरी आली, पण शिक्षक दूरच राहिले. सुनेने रात्री जागून स्वाध्याय लिहावा आणि परत काय यावे? दहापैकी चार गुण व ‘सविस्तर लिहा’ एवढा शेरा! काय सविस्तर लिहावे, हे तिने कोणाला विचारावे? असे दोनदा झाले की वह्या माळ्यावर जातात.

नव्या सुनेला तांदळाची भाकरी शिकवताना आपण गुण देतो का? ‘उकड सैल झाली, अजून मळ,’ असे जवळ बसून सांगतो. शिक्षकांनाही आता तसे करता येते. मुलीचा कागद कॉम्प्युटरवर उघडायचा, ओळीओळीवर बाण नेत बोलायचे आणि तो व्हिडिओ तिच्या मोबाईलवर पाठवायचा. भांडी आवरल्यावर ती तो चार वेळा पाहू शकते. २०२० च्या टाळेबंदीत फोनवर वर्ग भरलेले आपण पाहिलेच. मग शेरा का पोहोचू नये?

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या हेंडरसन व फिलिप्स या दोन शिक्षकांनी याविषयी २०१५ साली लेख लिहिला, तो लेकीने मला वाचून दाखविला. असा शेरा आपल्यासाठीच आहे, असे तिथल्या विद्यार्थ्यांना वाटले. मात्र काहींना तो उघडताना धास्ती वाटली, आणि बोलणे कागदावरच्या कोणत्या भागाविषयी आहे, हे काहींना जुळवता येईना.

म्हणून शिक्षकांना विनंती, की बोलणे पाच मिनिटांचे असावे. आधी साधलेले सांगावे, मग चुकलेले; पान व ओळ सांगावी; पुढे काय सुधारायचे ते दोन ओळींत लिहूनही द्यावे.

आणि आपल्याकडेही एक काम आहे. घरात फोन एक, माणसे सहा. सुनेच्या चुका साऱ्या घराने ऐकाव्यात आणि दिराने हसावे, असे झाले तर ती पुन्हा लेखणी धरणार नाही. वहीवरचा शेरा ती झाकू शकत होती. बोलता शेरा झाकता येत नाही. तेव्हा रोज अर्धा तास फोन तिच्या हाती द्या, दार लोटून घ्या आणि तेवढा वेळ चुलीकडे आपण पाहा.

शिक्षक दोन पावले पुढे आले, तर सासूबाईंनी एक पाऊल मागे सरावे, एवढेच माझे सांगणे.