उरुळीला राहिलेले मणिभाई

(रौप्यमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला 'स्वयंसेवा' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. उपदेश करायचा म्हटलं तर दहा मिनिटं फार झाली. म्हणून मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. वारज्याला 'डॉ. मणिभाई देसाई नगर' आहे. पत्त्यात ते नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. ते मणिभाई कोण, हे आज थोडक्यात सांगतो.

मणिभाईंचा जन्म १९२० सालचा, सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. घर शेतकऱ्याचं, शिक्षण विज्ञानाचं. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे ते गांधीजींकडे गेले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले. निसर्गोपचार शहरातल्या पैसेवाल्यांपुरता राहू नये, तो खेड्यातल्या गरिबाला मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. पण तिकडे दिल्लीत स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू होणार होत्या. थोड्या दिवसांत गांधीजींना जावं लागलं. मणिभाई मागे राहिले. वयाची सव्वीस वर्षंही तेव्हा पूर्ण नव्हती. भाषा परकी, गाव परकं, ओळख कुणाची नाही. तिथे ते राहिले ते १९९३ साली निधन होईपर्यंत. सत्तेचाळीस वर्षं! लग्न केलं नाही, दुसरं गाव शोधलं नाही.

आता उरुळीला गेलात तर आश्रम दिसतो, झाडी दिसते. पण मला सांगायचं आहे ते गोठ्याबद्दल. आश्रमात येणाऱ्या रुग्णांना चांगलं दूध हवं, म्हणून तिथे गीर गाई आल्या. गोसेवा म्हटलं की आपण हार, हळदीकुंकू आणि गुळाचा खडा इथपर्यंत पोहोचतो. मणिभाई वहीपर्यंत पोहोचले. कोणती गाय कधी व्याली, रोज किती दूध दिलं, किती दिवस भाकड राहिली, तिची कालवड कशी निघाली. नोंदी ठेवल्या की निवड करता येते आणि निवड केली की पुढची पिढी सुधारते. विज्ञान शिकलेला माणूस गोठ्यात उतरला की असं होतं.

पण आश्रमातल्या गाई सुधारून गावातल्या शेतकऱ्याला काय मिळणार? त्याच्या दावणीला जी गाय होती ती पहिल्यांदा व्यायलाच चार-पाच वर्षं लावायची आणि दूध द्यायची लिटर-दोन लिटर. म्हणून १९६७ साली मणिभाईंनी एक संस्था उभी केली, भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन. आपण तिला 'बाएफ' म्हणून ओळखतो. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचं रेत वापरून गावठी गाईपासून संकरित कालवड तयार करायची, हे काम संस्थेनं हाती घेतलं.

इथे मुलांसाठी एक हिशेब सांगतो. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज जेमतेम दिवसभर टिकतो. तेवढ्यात रेतन झालं पाहिजे. पूर्वी शेतकऱ्यानं गाय चालवत दवाखान्यात न्यायची. दवाखाना कोसावर. त्या दिवसाची मजुरी बुडणार, आणि पोहोचेपर्यंत वेळ टळलेली असणार. एक माज चुकला की तीन आठवडे नुसता चारा घालायचा. गरिबाला हे परवडत नाही. मग उपाय काय? गाय दवाखान्यात न्यायची नाही, दवाखाना गाईकडे न्यायचा. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये रेत ठेवलेलं, ते भांडं दुचाकीला बांधलेलं, आणि प्रशिक्षित माणूस थेट गोठ्यात हजर. आज आपल्याला घरपोच सेवेचं कौतुक वाटत नाही. पण वाडीवस्तीवरच्या एका गाईवाल्याच्या दारात ही सेवा जावी, हा विचार त्या काळात करणं सोपं नव्हतं.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. गांधीजींचा माणूस आणि परदेशी वळू? संकरित गाईला उन्हाचा त्रास होतो, तिला चारापाणी आणि औषधपाणी जास्त लागतं, तिचा गोऱ्हा औताला देशी बैलासारखा चालत नाही. हे आक्षेप पोकळ नव्हते. आज देशी गाईचा पुन्हा बोलबाला आहे, तो वाद आपल्याला ठाऊकच आहे. मला एवढंच दिसतं, की मणिभाईंनी स्वतः गीर गाय वर्षानुवर्षं सांभाळली होती. तिची किंमत त्यांना कळत होती. तरीही भूमिहीन माणसाच्या घरात या वर्षी दुधाचे पैसे कसे येतील, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला.

१९८२ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याआधी पद्मश्री मिळाली होती. पण मला पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. १९९३ मध्ये मणिभाई गेले आणि बाएफ बंद पडली नाही. कामाची पद्धत बसवलेली होती, माणसं तयार केलेली होती, नोंदी होत्या. एका माणसाच्या त्यागावर उभं राहिलेलं काम बहुतेक वेळा त्या माणसाबरोबर संपतं. इथे तसं झालं नाही.

आता आपल्याकडे येतो. कटू वाटलं तर सांभाळून घ्या. आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं झाली. पंपाची तक्रार असो, टँकरची वाट पाहणं असो की ऑडिटची कागदपत्रं, नावं तीच चार-पाच. ती मंडळी आता सत्तरीला आली. मागच्या निवडणुकीत जागांपेक्षा अर्ज कमी आले. आपण त्यांचा आज शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, योग्यच केलं. पण उद्या कुठली व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठल्या ठेवीची मुदत कधी संपते, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

कुणी सत्तेचाळीस वर्षं द्या, असं मी म्हणत नाही. ते आपल्याला झेपणारं नाही. पण महिन्यातले दोन रविवार कुणालाही जमतील. तरुण सभासदांनी जुन्यांच्या शेजारी बसून सगळं वहीत उतरवून घ्यावं, आणि ज्येष्ठांनीही 'मीच करतो, राहू दे' म्हणणं सोडावं. येत्या वार्षिक सभेत नावं मागितली जातील, तेव्हा खाली बघू नका, हात वर करा.



जय हिंद, जय महाराष्ट्र.