मोरीचे पाणी



आज आम्ही मोठ्या गोष्टी सांगायला उभे राहिलो नाही. आमचा जन्म शाळेत गेला. शाळेत मुलांना हिशेब शिकवला, आणि घरी आमचाच हिशेब चुकला. तो कसा चुकला आणि मग कसा दुरुस्त केला, तेवढे सांगणार आहोत. विषय तसा घाणीचा आहे. मोरीच्या पाण्याचा. नाक मुरडू नका.

पूर्वी आमच्या गावात पाणी विहिरीवरून यायचे. बायकांच्या डोक्यावर हंडा, कमरेवर घागर. इतक्या कष्टाचे पाणी माणूस जपून वापरतो. भाजी धुतलेले पाणी तुळशीला, आंघोळीचे केळीला. बाहेर जायचे ते चार तांबे. ते जमीन पिऊन टाकायची.

आता दारात नळ आला. चांगले झाले. बायकांची मान मोकळी झाली. सरकारने २०१९ साली जलजीवन मिशन सुरू केले. त्यात खेड्यातल्या दर माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचे असे ठरले. पाच माणसांचे घर धरा. ५५ गुणिले ५. पाटीवर मांडून बघा. किती झाले? २७५ लिटर. यातले प्यायला आणि स्वयंपाकाला थोडेच लागते. बाकीचे आंघोळीला, धुण्याला, भांड्यांना, संडासाला. म्हणजे बहुतेक सगळे वापरून बाहेर. पाणी घरात यायला आपण नळ बसवला. त्याला बाहेर जायला वाट कोणी केली? कोणी नाही. आम्हीही नाही.

आमच्या मोरीचे पाणी भिंतीच्या भोकातून बोळात जायचे. बोळातून शेजारच्या काकूंच्या दारापुढे. तिथे जागा खोलगट. बारा महिने डबके. आमच्या घरातून ते दिसत नसे, म्हणून आमच्या लेखी ते नव्हतेच.

एका श्रावणात काकूंची नात तापाने फणफणली. तालुक्याला नेली, रक्त तपासले. डेंग्यू निघाला. पोर आठ दिवस दवाखान्यात होती. ती घरी आली त्या दिवशी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, जगाच्या पोरांना शहाणपण शिकवलंत. आता तुमचं पाणी तेवढं आमच्या दारातून काढा." बस्स. एवढेच बोलल्या आणि गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका ताई आल्या. त्यांनी सगळी आळी पाहिली. त्या म्हणाल्या, डेंग्यूचा डास घाण पाण्यात सहसा होत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी आवडते. तो दिवसा चावतो. त्याच्या अळ्या काकूंच्याच उघड्या पिंपात सापडल्या. खोटे कशाला बोला? आम्हाला क्षणभर बरे वाटले. सुटलो म्हटले. तेवढ्यात ताईंनी आमच्या डबक्यात वाटी बुडवली आणि वर काढली. वाटीत शेकड्यांनी अळ्या वळवळत होत्या. ताई म्हणाल्या, "गुरुजी, हा दुसरा डास. हा रात्री चावतो. याच्यामुळे हत्तीरोग पसरतो." आमची मान खाली गेली.

(डासाने ताप येतो हे लोकांना फार काळ ठाऊक नव्हते. खराब हवेने हिवताप येतो असे म्हणत. रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टराने १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. तेव्हा उलगडा झाला. हिवतापाचा डास आणखी तिसरा. ज्याला त्याला आपापले पाणी लागते. पण पाणी सगळ्यांनाच लागते.)

मग आम्ही शोषखड्डा घ्यायचे ठरवले. शोषखड्डा म्हणजे पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा. पण आम्ही पडलो शिकलेले. कोणाला विचारले नाही. खड्डा खणला, दगड भरले, फटी राहू नयेत म्हणून वर दोन घमेली वाळू ओतली, आणि नळी सोडली. दिवाळीपर्यंत छान चालले. शिमग्याला खड्डा तुंबला. पाणी पुन्हा काकूंच्या दारी. उकरून पाहिले तर काय? भाताची शिते, केस, राख, साबणाचा चिकट लगदा. आणि वाळूने सगळ्या फटी बुजलेल्या. वास असा की दोन दिवस जेवण गेले नाही. आमच्या मंडळी ओट्यावरून म्हणाल्या, "कपभर चहाला गाळणी लागते. घरभर पाण्याला नको?"

चूक इथेच होती. आता दुसरा खड्डा कसा घेतला ते नीट सांगतो. ऐकता ऐकता आपल्या घराची जागा डोळ्यापुढे आणा.

आधी जागा. विहीर किंवा हातपंप असेल तर त्यापासून निदान ५० फूट लांब. नाहीतर आज मोरीत सोडलेले पाणी उद्या आपणच पिऊ. घराच्या भिंतीपासून सात-आठ फूट दूर. भिंत मातीची असेल तर आणखी दूर. संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडायचे नाही. त्याचा खड्डा वेगळा.

मग जमीन पाणी पिते का ते पाहायचे. हातभर खोल, लहानसा खड्डा करा. संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पुन्हा भरा. तासा-दोन तासांत ते पाणी जिरले तर जागा चांगली. मुरमाड जमीन पाणी चटकन पिते. पाणी दुपारपर्यंत तसेच उभे राहिले तर तिथे घाम गाळू नका, दुसरी जागा बघा. काळी चिकण माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. अशी माती वर असेल आणि खाली मुरूम असेल, तर मुरूम लागेपर्यंत खणावे लागेल. कोकणात भाताच्या खाचराशेजारी, पावसाळ्यात जिथे दोन हातांवर पाणी लागते, तिथे हा खड्डा चालत नाही.

खड्डा ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. पुन्हा पाटी घ्या. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. २७ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे रिकाम्या खड्ड्यात साधारण ७५० लिटर. पण दगड निम्म्याहून जास्त जागा खातात. उरते ३०० लिटरच्या आसपास. आपल्या घराचे पाणी होते २७५ लिटर. म्हणजे एका दिवसाचे पाणी खड्ड्यात मावते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते जिरते. घरात दहा माणसे असतील तर खड्डा मोठा घ्या, नाहीतर दोन घ्या. खणलेला खड्डा रात्री उघडा टाकू नका. लहान मूल किंवा शेरडू पडेल. फळ्या टाका.

आता भरणे. तळाला सिमेंट लावू नका. काहीजण पक्के काम म्हणून लावतात. ते मग हौद होते, शोषखड्डा राहत नाही. तळाशी एक फूट मोठे धोंडे, नारळाएवढे. त्यावर एक फूट मुठीएवढे दगड. विटांचे पक्के तुकडेही चालतात. वरच्या थरात लिंबाएवढी खडी, आणि त्या थराच्या मधोमध एक जुने मडके बसवायचे. माती किंवा वाळू कुठेही घालायची नाही.

हे मडके म्हणजेच गाळणी. मडक्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडा. खिळा आणि हलका हात, घाई केली तर मडके फुटते. आमची दोन फुटली. मडक्यात नारळाच्या शेंड्या भरा. नारळ नसेल तर भाताचा पेंढा किंवा सुके गवत. मोरीची नळी या मडक्याच्या तोंडात सोडा. शिते, केस, चिकटा शेंड्यांत अडकतो आणि नुसते पाणी खाली जाते. मडक्याच्या भोवती खडीवर गोणपाट अंथरा, त्यावर पाचट किंवा पालापाचोळा, त्यावर माती थापा. मडक्याच्या तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. तोंड घट्ट झाका. फट राहिली तर डास आत जाऊन अंडी घालतील, म्हणजे डबके बुजवून डासांना घर बांधून दिल्यासारखे झाले.

दर पंधरा दिवसांनी शेंड्या काढून बदलायच्या. जुन्या उकिरड्यात पुरायच्या. हे काम घरातल्या बाईवर ढकलू नका. खड्डा कोणी घेतला? आम्ही. मग शेंड्या आम्हीच बदलतो. पहिल्या वेळी लाज वाटली. आता वाटत नाही.

एवढे करून खर्च किती? दगड ओढ्यातले, खडी पडक्या भिंतीजवळची, मडके घरचे. विकत आणली ती फक्त नळी. खणायला आमचा धाकटा मुलगा आणि त्याचे दोन मित्र. दीड दिवस लागला.

मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथे घरोघर असे खड्डे घेतले आणि डासमुक्त गाव म्हणून त्याचे नाव झाले. एका घराने घेतला तर एका दाराचे डबके जाते. डास काही घर विचारून चावत नाही. म्हणून आळीने मिळून घ्यावा.

आमच्या बोळातली जागा त्या उन्हाळ्यात वाळली. वैशाखात पाहिले तर काकूंनी तिथे बाजा टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या. आमच्याशी त्या अजून बेताचेच बोलतात. पण त्यांच्या पिंपावर आता झाकण असते, आणि आठवड्यातून एक दिवस त्या ते रिकामे करून काथ्याने आतून घासतात. नुसते ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि पाणी लागले की फुटतात. उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून घासणे. पाटा, माठ, रांजण, कोंबड्यांचे पाणी प्यायचे भांडे, सगळ्याला हाच नियम. आम्ही शुक्रवार धरला आहे.

ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी सगळे पाणी जिरवून टाकू नये. भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी लहान चराने केळीला न्या. केळ, अळू आणि कर्दळ, या तिघांना ओल मानवते. पपई लावाल तर उंच वाफ्यावर. तिच्या बुडाशी पाणी साचले की ती कुजते. पाणी बुंध्यावर ओतू नका, हातभर लांबून आळे करून द्या, आणि चरात ते उभे राहू देऊ नका. धुण्याचे सोड्याचे पाणी मात्र खड्ड्यातच जाऊ द्या. ते रोज दिले तर माती घट्ट आणि पांढरी पडते. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, जे आपण कच्चे खातो, त्याला मोरीचे पाणी नको. अळू शिजवून खातो, म्हणून चालते. आमच्याकडे तीन केळी आहेत. पहिला घड काकूंच्या घरी पाठवला. त्यांनी ठेवून घेतला.

आता कामाचे बोलू. उद्या सकाळी सात वाजता वर्गाच्या मागच्या मोरीसाठी खड्डा घ्यायचा आहे. इथे पाणी पिऊन पाहिलेली जागा आम्ही खुंटी मारून ठेवली आहे. दोन कुदळी आणि एक फावडे आहे. पहार नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी. घमेली चार लागतील. आणि बायांनो, घरात गळके मडके असेल तर उकिरड्यावर टाकू नका, घेऊन या. भोके आम्ही पाडू. एखादे फुटेल, म्हणून दोन आणा.