शेगडीचे अस्तर

शेगडीचा पत्रा बाहेरून तांबूस दिसू लागला म्हणजे काय समजावे? विस्तव छान फुलला, असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे पाहता ती शेगडीची तक्रार असते. आतले मातीचे अस्तर झिजले आहे आणि भांड्याला मिळायची आच पत्र्यावाटे वाया चालली आहे, असे ती सांगत असते.

राजुऱ्याच्या माणसाला कोळसा काही नवा नाही. सास्तीची खाण हाकेच्या अंतरावर आहे. आता गॅस आला, तरी चहाच्या टपरीवर आणि पौष-माघाच्या थंडीत शेगडी पेटतेच.

पत्रा उष्णता झटकन वाहून नेतो, माती नेत नाही. त्या मातीत भाताचे तूस घातले, तर ते जळून जाते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यांत हवा कोंडते. कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. घोंगडी अंगाला ऊब देते, ती याच न्यायाने. गडचांदूरच्या सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंशांची उष्णता असते. मध्ये अग्निविटांचा थर आहे, म्हणून बाहेरचे लोखंडी कवच तग धरते. थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या तेलाच्या बॉयलरलाही जाळाभोवती असेच अस्तर असते, आणि झिजले की तेही बदलावे लागते.

आपले काम सोपे आहे. शेगडी पुरती गार होऊ द्या. जुनी माती पाणी शिंपडून खरवडा, म्हणजे धूळ उडणार नाही. शेतातली काळी माती मात्र घेऊ नका. ती वाळताना आकसते नि तडकते. कुंभाराची चिकण माती घ्या, तूस व थोडे शेण घालून मळा, रात्रभर मुरू द्या. दोन-तीन बोटे जाड थर द्या, पण खालचे हवेचे दार बुजवू नका. चार-सहा दिवस सावलीत वाळवा. पहिला विस्तव मंदच हवा. घाई केलीत, तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन अस्तर फुटेल.

कुणी म्हणेल, मातीऐवजी जुन्या बॉयलरचे ॲस्बेस्टॉस लावले तर? मुळीच लावू नका. त्याचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्यास सांगितले.

आणि सर्वांत महत्त्वाचे. अस्तर कितीही उत्तम असो, पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन निजू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अस्तर कोळसा वाचवील. जीव वाचवायचा, तर शेगडी बाहेर ठेवूनच निजायला हवे.