जुनेराचे मोल
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपली आज्ञा झाली म्हणून चार शब्द बोलावयास उभा आहे. विषय घरगुती आहे. परंतु क्षुद्र खचित नाही.

माझ्या लहानपणी नवे कापड घरात दिवाळीसच येई. एरवी आईचे नऊवारी लुगडे विरले, की त्यातूनच आम्हां भावंडांचे कपडे निघत. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. मधला भाग आधी विरतो, काठ दीर्घकाळ टिकतात. आई ते उजेडासमोर धरून पाही. दाट भागाचे परकर व सदरे होत, विरळ परंतु मऊ भागाची तान्ह्यांसाठी झबली, आणि उरलेल्या चिंध्या गोधडीत जात. अनेकदा धुतलेले सुती कापड शिवल्यावर सहसा आटत नाही, हेही तिला शाळेत न जाता ठाऊक होते.

पाचवीत असताना माझ्या सदऱ्याच्या दुमडीतून लुगड्याचा काठ डोकावला आणि वर्गात हशा पिकला. घरी येताच मी सदरा भिरकावला. आई एक शब्दही बोलली नाही. रात्री कंदिलापाशी बसून तिने तो उसवला व पुन्हा शिवला. पुढे शिक्षक होऊन मी श्रमप्रतिष्ठेवर कितीतरी निबंध लिहून घेतले. परंतु तिची क्षमा मागावयाची राहूनच गेली.

म्हणून माझी विनंती एवढीच, की यंदा घरातील एक जुनी सुती साडी टाकू नका. मुलामुलींना शेजारी बसवून तिचे काही नित्योपयोगी शिवा. सुई धरण्यात मुलग्यांसही कमीपणा नाही. आणि ती साडी कोणाची, हे त्यांना अभिमानाने सांगा.