वायफायची पाळी



जालन्याच्या सदर बाजारात दुकानाला दुकान लागून आहे.
राउटर ज्याचा त्याचा वेगळा.
हवा मात्र सगळ्यांची एकच.

मग वाटणी कशी होते?

वायफायचं यंत्र आधी ऐकतं, मग बोलतं.
दुसऱ्याचा संदेश चालू असेल, तर थांबतं.
शांत झालं, तरी आणखी क्षणभर थांबतं.
हा क्षण प्रत्येकाचा वेगळा, चिठ्ठी काढल्यासारखा.
तरीही दोघं एकदम बोललेच,
तर पुढच्या वेळी दोघंही जास्त थांबतात.

पुन्हा सांगते. आधी ऐकायचं, मग बोलायचं.

पाळी साऱ्यांना मिळते.
पण वेळ सारखा लागत नाही.
लांबच्या खोलीतल्या मोबाईलला सिग्नल कमी.
तेवढाच मजकूर पाठवायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.
तोवर बाकीचे खोळंबतात.
आपण इंटरनेट कंपनीला दोष देतो,
आणि कारण पुष्कळदा घरातच असतं.

आता चॅनेलचं, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातल्या वाटांचं बघू.
नेहमीच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात
1, 6 आणि 11 हे चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत.
शेजारी 1 वर असेल, तर तुम्ही 6 किंवा 11 घ्या.
3 नको. तो 1 लाही त्रास देतो आणि 6 लाही.

भारतात 2005 पासून या पट्ट्याला परवाना लागत नाही.
त्यामुळे चॅनेल वाटून देणारा कुणी अधिकारी नाही.
ते शेजाऱ्यांनीच ठरवायचं.

तेव्हा राउटर कपाटामागून काढा.
घराच्या मध्यावर, उंच ठेवा.
आणि शेजाऱ्याला आजच विचारा,
तुमचा चॅनेल कोणता?