गणिताची खतावणी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



एका शाळामास्तराला या व्यासपीठावर बोलावून संस्थेने त्याचा जो गौरव केला, त्याबद्दल आभार मानतो आणि विषयाकडे वळतो. विषय रुक्ष वाटेल. गणितावर जे नवे संशोधन छापले जाते त्याची नोंद कोण ठेवतो, कशी ठेवतो, एवढाच तो आहे. परंतु नोंदीचे महत्त्व बडोद्याच्या माणसाला सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले, ते ग्रंथ नुसते जमविण्यासाठी नव्हे, तर मागेल त्याला हवा तो ग्रंथ सापडावा म्हणून.

गणितात हे काम प्रथम जर्मनांनी अंगावर घेतले. बर्लिनमधून निघणाऱ्या एका वार्षिक ग्रंथात 1868 पासूनच्या निबंधांचा सारांश येऊ लागला. ग्रंथ चोख होता. फक्त तो फार मागे पडे. वर्षाचे सारे निबंध हाती आल्याखेरीज खंड बाहेर काढावयाचा नाही, असा नेम! तोवर कोणीतरी तोच सिद्धांत पुन्हा सिद्ध करून मोकळा होई. म्हणून 1931 साली ओटो नॉयगेबाउर यांनी ‘त्सेंट्रालब्लाट’ नावाचे नवे पत्र काढले. निबंध आला की तो त्या विषयातील जाणकाराकडे धाडावयाचा, त्याने वाचून थोडक्यात अभिप्राय लिहावयाचा आणि खाली स्वतःचे नाव घालावयाचे. साधीच युक्ती, पण ती जगभर मान्य झाली.

येथून पुढची हकीकत मला फार मोलाची वाटते. हिटलरची राजवट आली तेव्हा नॉयगेबाउर गॉटिंगेनला होते. ते स्वतः यहुदी नव्हते. तोंड मिटून राहते तर त्यांना काही तोशीस पडली नसती. त्यांनी निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले आणि 1934 मध्ये कोपनहेगन गाठले. पत्राचे संपादन तेथून चालू राहिले. 1938 साली त्यांना न विचारता संपादक मंडळातून इटलीचे लेव्ही-चिविता यांचे नाव काढले गेले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला ज्या गणिताचा आधार आहे, त्याच्या कर्त्यांपैकी हे एक. त्यांचा अपराध एवढाच की ते यहुदी होते. नॉयगेबाउरनी राजीनामा दिला. पाठोपाठ हार्डी, हराल्ड बोर, कूरां, वेब्लेन अशी मोठी माणसेही बाहेर पडली. ज्या नोंदवहीतून माणसांची नावे खोडली जातात, तीतील गणिताच्या नावांवर तरी विश्वास कसा ठेवावयाचा? अमेरिकेतील गणित-समाजाने नॉयगेबाउरना बोलावून घेतले आणि जानेवारी 1940 मध्ये प्रॉव्हिडन्स गावी ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’चा पहिला अंक निघाला. 1965 पासून त्याचे कार्यालय ॲन आर्बर येथे आहे. जर्मन पत्रही युद्धानंतर पुन्हा उभे राहिले, आणि आज या दोन्ही संस्था मिळून विषयवार वर्गीकरण ठरवितात. दर दहा वर्षांनी त्याची फेरतपासणी होते. 2020 च्या आवृत्तीत मुख्य विभाग 63 आहेत; अंकशास्त्राचा क्रमांक 11, भूमितीचा 51, आणि आम्हा शिक्षकांचा, म्हणजे गणित-अध्यापनाचा, अगदी शेवटचा, 97!

एकट्या अमेरिकन सूचीत आता चाळीस लाखांहून अधिक नोंदी आहेत. अभिप्राय लिहिणारे हजारो प्राध्यापक आपापल्या सवडीने हे काम करतात. पगार नाही, पुस्तकांच्या खरेदीत थोडी सवलत मिळते. धर्मादाय संस्था चालविणाऱ्यांना या वृत्तीचे नवल वाटू नये.

सर्वांत कठीण काम माणसे ओळखण्याचे. माझ्या एकाच वर्गाच्या पटावर शेख आडनावाची इतकी मुले आहेत की हजेरी घेताना बापाचे नावही पुकारावे लागते. जगाच्या पटावर काय होत असेल? अमेरिकन सूचीने 1940 पासून प्रत्येक लेखक वेगळा ओळखण्याचा कसोशीने प्रयत्न केला आहे. त्यात गोव्यातील कोसबेनला जन्मलेले आपले दामोदर कोसंबी! अलीगढला असताना आंद्रे वेय यांच्या चिथावणीने त्यांनी ‘बूर्बाकी’ नावाच्या, कधीच न झालेल्या गणितज्ञाच्या सिद्धांतावर निबंध लिहिला आणि तो अलाहाबादच्या पत्रिकेत छापूनही आला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळाने तेच आडनाव धारण करून ग्रंथमाला काढली. उतारवयात कोसंबींनी स्वतःच ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने काही निबंध प्रसिद्ध केले. सूचीकाराने अशा माणसापुढे काय करावे?

आणि देवळालीचे कापरेकर मास्तर. मी त्यांच्याच धंद्यातला, म्हणून थोडे अधिक बोलतो. 1930 पासून 1962 पर्यंत ते शाळेत शिकवीत. पदव्युत्तर पदवी नव्हती. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सारे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. 3524 घेतल्यास 5432 उणे 2345 म्हणजे 3087; मग 8730 उणे 0378 म्हणजे 8352; मग 8532 उणे 2358 म्हणजे 6174. पुढे कितीही करा, 6174 च येणार. फार तर सात पायऱ्या लागतात. हे त्यांनी 1949 साली मद्रासच्या परिषदेत सांगितले आणि 1955 मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात मांडले. तेथे छापले म्हणून ते परदेशी वाचकांना सापडू शकले. त्यांचे बाकीचे पुष्कळ काम पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत आहे. अशी पुस्तिका एखाद्याच्या माळ्यावरून रद्दीत गेली तर कोणत्या सूचीने तिला शोधावे? आपल्या कोणाच्या घरी अशी असेल तर कृपा करून ती ग्रंथालयात द्यावी.

या सूच्यांची वर्गणी आपल्या शाळा-वाचनालयांच्या आवाक्याबाहेरची होती. परंतु जानेवारी 2021 पासून जर्मन सूची सर्वांस विनामूल्य खुली झाली आहे. संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींनी ती पाहावी. कशी पाहावयाची ते मी दाखवीन. रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या वाचनालयात असतो.